नसलेल्या बहिणीचा ब्लाऊजपीस

गेल्या सोमवारी माझ्या नातीने माझं कपाट उपसलं. नवरात्र तोंडावर आलंय. गरब्याच्या नऊ दिवसांना नऊ चोळ्या हव्यात, तिच्याकडे सात आहेत, आणि उरलेल्या दोन आजीच्या कपाटात दडलेल्या असणार अशी तिची खात्री. सगळ्यात खालच्या कप्प्यातून तिने एक ब्लाऊजपीस ओढून काढला. राणी रंगाची बांधणी. घडीच्या रेघांवर रंग विटलेला, पण कापड कधीच न शिवलेलं.

"आजी, हा घेऊ?"

"तो नको गं. तो माझ्या बहिणीचा आहे."

स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. सून हात पुसत बाहेर आली. "आई, तुम्हाला बहीण कुठे आहे?"

खरंच की. मला दोन भाऊ. एक साताऱ्यात, एक पुण्यात, आणि दोघांना मिळून बहीण एकच, ती म्हणजे मी. पण वाक्य तोंडातून इतकं सहज आलं होतं की ते परत घ्यावंसं वाटेना. मी म्हटलं, "म्हणजे तशी नाही. पण आहे."

हे बोलायला नको होतं. संध्याकाळी मुलगा कामावरून आला तो बूट न काढताच माझ्यासमोर बसला.

"आई, आज वार कोणता?"

"सोमवार. आणि आज तू गीझरवाल्याला फोन करणार होतास."

"बरं, शंभरातून सात वजा करत जा."

मी एकोणऐंशीपर्यंत उतरले आणि म्हटलं, आता पुढचं तू कर. तो अडकला. तरी डॉक्टरांची वेळ घेतली गेली ती माझीच, गुरुवारची.

म्हणून हे लिहून काढते आहे. तोंडी सांगायला गेले तर डॉक्टर अर्ध्यातच काहीतरी गोळी लिहून देतील. लिहिलेलं असलं की माणसं निदान शेवटपर्यंत थांबतात, असा माझा समज आहे. तोही तपासून बघायला हवा.

पन्नास वर्षं होत आली. लग्न होऊन मी साताऱ्याहून बडोद्याला आले. ह्यांची रेल्वेत नोकरी, रावपुऱ्यातल्या एका जुन्या घराचा वरचा मजला आमच्याकडे भाड्याने. खाली घरमालकीण राहायच्या, त्यांना सगळी गल्ली बा म्हणायची. साठीच्या, विधवा, दोन मुली लग्न होऊन सुखात. थोरली कारेलीबागेत, धाकटी नडियादला. बांना तसं कसलं दुःख नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्यांच्या आयुष्यात एखादी हरवलेली मुलगी पुष्कळ शोधली. नव्हती.

आणि मी? मराठी घेऊन बी.ए. झालेली, पहिला वर्ग थोडक्यात हुकलेली, आणि त्याचा सूड जगातल्या सगळ्या लेखकांवर उगवणारी. माझ्याकडे एक अभिप्रायवही होती. वाचनालयातून आणलेली कथा असो, कादंबरी असो, संपली की वहीत दहापैकी गुण द्यायचे आणि खाली शेरा मारायचा. 'भावविवश.' 'योगायोग फार.' 'वास्तवाचे भान सुटले.' गोष्टीत शेवटी कुणी सुखी झालं की माझे तीन गुण तिथेच कापलेले. बाविसाव्या वर्षी मला वास्तवाचं इतकं भान होतं की रोज दूध उतू जायचं.

बांशी माझं एकाच बाबतीत पटत नसे, ते म्हणजे लसूण. त्या लसूण-कांद्याला शिवत नसत. वर फोडणी पडली की खालून खोकला यायचा. आधी साधा, मग जरा मोठा, आणि मग हाक, "वहु! बारी बंध कर!" खिडकी बंद केली की आम्ही दोघं खोकत बसायचो.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी वरची खोली इतकी तापली की मी मासिक घेऊन खाली ओट्यावर येऊन बसले. बा वर्षाचे गहू निवडत होत्या.

"शुं वांचे छे?" त्यांनी विचारलं.

मासिकात एक कादंबरी क्रमशः सुरू झाली होती, महिन्याला एक प्रकरण. माझं गुजराती तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं, म्हणजे मराठी वाक्याच्या शेपटीला 'छे' बांधलेलं. ते मिरवायची हौस दांडगी. मी वाचत वाचत त्यांना सांगायला लागले.

गोष्ट अशी होती. कोकणातलं घर, आई नाही. लग्न होऊन दूर गेलेली थोरली बहीण सगळं सांगते आहे. धाकटी एकोणीस वर्षांची. तिला बघायला पाहुणे येतात. ती न्हाऊन ओल्या केसांनीच पुढे येते आणि म्हणते, मला हे लग्न करायचं नाही. बाप पाहुण्यांदेखत तिच्या थोबाडीत मारतो. ती आत जाते, परसदाराने बाहेर पडते, ती गेलीच. पहिलं प्रकरण तिथे संपत होतं.

आता हे सगळं त्या थोरलीच्या तोंडून, 'मी'ने लिहिलेलं होतं. माझी बहीण, माझे वडील, आमचं घर. भाषांतर प्रामाणिक हवं असा माझा बाणा, म्हणून मीही तसंच सांगितलं. मारी बेन, मारा बापूजी, अमारुं घर. बांचा गव्हातला हात थांबला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, माझं गुजराती सुधारलं.

दुसऱ्या दिवशी मी लसणीची चटणी कुटली. खालून खोकला नाही. तिसऱ्या दिवशी लसूण घालून वांगी केली. तरी नाही. मी ह्यांना म्हटलं, "बांना सर्दी झालेली दिसते."

महिन्याभराने दुसरं प्रकरण आलं तेव्हा उलगडा झाला. मी मासिक उघडायच्या आधीच बांनी आवाज खाली आणून विचारलं, "तारी बेननो कंई कागळ आव्यो?"

तुझ्या बहिणीचं काही पत्र आलं? मी हातातल्या मासिकाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या घरात छापलेलं असं दोनच तऱ्हेचं यायचं, एक वर्तमानपत्र आणि दुसरी पोथी, आणि त्यांच्या लेखी दोन्ही खरं. बिचारीच्या घरचं प्रकरण छापून आलंय आणि बिचारी ते स्वतः वाचून दाखवते आहे, काय छातीची मुलगी, असं त्यांना वाटत होतं.

मी सांगणार होते. खरंच तोंड उघडलं होतं. पण बांनी पदराखालून एक वाटी काढून माझ्यापुढे ठेवली. सुखडी होती, तुपात भाजलेली कणीक आणि गूळ, अजून कोमट. आणि मला लसूण आठवला. मी म्हटलं, "नाही हो बा, अजून नाही आलं."

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कल्पित वाक्य. लेखकांनी असली वाक्यं लिहिली की मी शेरा मारायची, 'अप्रामाणिक.' नसलेल्या बहिणीच्या दुःखावर मी पुढचे कितीतरी महिने लसूण खाल्ला.

गणपती झाले आणि माझे वडील चार दिवस आम्हाला भेटायला आले. माझे खरे वडील, साताऱ्याचे शाळामास्तर. त्यांनी आयुष्यात फळ्यावर खडूसुद्धा जोरात आपटला नव्हता. त्यांना आधी सगळं सांगून ठेवायला हवं होतं. पण काय सांगणार? तुम्ही खाली थोबाडीत मारणारे बाप आहात, तेवढं सांभाळून घ्या? मी ठरवलं, ते वरच बसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर जाऊन बसले. मी जिन्यात पोचेपर्यंत बांनी डोक्यावरून पदर ओढला होता आणि दाराच्या चौकटीकडे बघत त्या बोलायला लागल्या होत्या. परक्या पुरुषाशी समोरासमोर बोलायचं नसतं, म्हणून चौकटीशी. मुलगी ही घरातली पाहुणी, तिच्यावर हात उचलायचा नसतो. माणसाचा ताठा त्याच्यासाठी दोन घास रांधून देत नाही. अजून वेळ गेलेली नाही, स्वतः जा, तिला घेऊन या. असं पंधरा मिनिटं.

वडिलांना गुजरातीचा गंध नव्हता. पण माणूस सभ्य. प्रत्येक वाक्याला मान डोलावून ते म्हणत होते, "हो, हो. बरोबर आहे तुमचं. चुकलंच माझं." त्यांच्या डोळ्यांना उन्हात धार लागायची, जुना त्रास होता. पूर्वेचं ऊन थेट तोंडावर. दोन्ही गालांवरून घळाघळा पाणी.

मी जिन्यात उभी. मध्ये पडावं तर कुणाला काय सांगावं ते कळेना. बा थांबल्या, आत गेल्या आणि चहाचा कप आणून त्यांच्याजवळ ठेवला.

वडील वर आले ते घाबरलेले. "तुझी घरमालकीण फार कडक आहे गं. ओट्यावर बसलो तर केवढं बोलली. पण नंतर चहा दिला हो. चांगला होता."

तो बांच्या स्वतःच्या वाट्याचा चहा होता. हे मला दीड महिन्याने कळलं.

मधलं एक प्रकरण आलं, ते मी खाली बसून सांगितलं. त्यात बाप रोज ओट्यावर बसून वाटेकडे डोळे लावतो, आणखी काही घडत नाही. मी वहीत लिहिलं, 'संथ, पण संयत.' मग शेवटचं आलं. ते मी आधी वरच वाचून घेतलं. एक कोळी खाडीच्या चिखलात सापडलेली एक चप्पल घेऊन येतो. बाप ती धुतो, परसदारी ठेवतो. समाप्त. मला अगदी भरून आलं, म्हणजे गुण द्यायला. दहापैकी नऊ. 'शेवट अत्यंत वास्तव. वाचकांच्या भावनांना बळी न पडल्याबद्दल लेखकाचे अभिनंदन.'

शाई वाळली नव्हती आणि जिन्यात पावलं वाजली. बांची कारेलीबागेची मुलगी वर आली होती.

"भाभी, तुमच्या बहिणीचं काही कळलं का हो?" तिने विचारलं. "बाने चहा सोडलाय. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."

आपण नवस बोलतो तशी इथे बाधा घेतात. काम होईपर्यंत आपल्या जिवाची एखादी गोष्ट सोडायची. बांनी देवीपुढे सांगितलं होतं, पोरगी घरी येईल तेव्हाच चहा घेईन. माझ्या वडिलांचे डोळे बघितले त्याच दिवशी. आणि बा म्हणजे चहा. सकाळी दोनदा, दुपारी चारला एकदा, बशीत ओतून, फुंकर न घालता. चहा सुटल्यापासून त्यांचं कपाळ रोज दुखत होतं, जेवण तुटलं होतं, दोन दिवस तर त्या उठल्या नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलं, मुलींनी सांगितलं. त्या ऐकत नव्हत्या.

मी बऱ्याच दुपारी चारला त्यांच्यासमोर बसत होते. लेखकाची निवेदनशैली न्याहाळत होते. समोरची बशी नाहीशी झाली, ते काही दिसलं नाही. वास्तवाचं भान!

ह्यांना सांगितलं तर हे पेपरातून मान न काढता म्हणाले, "मग सांगून टाक."

"काय सांगू? इतके महिने खोटं बोलले म्हणून?"

"मग तिला घरी आण. गाडीत बसवून दे."

"अहो, ती मेलीय."

"तसं छापलंय?"

"चप्पल सापडली असं छापलंय."

"एकच? मग लंगडत येईल."

मी रागावून खाली गेले. दुपार होती. बा खाटेवर पडलेल्या, कपाळाला ओलं फडकं बांधलेलं. मी उंबऱ्याशी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. बा, ही वार्ता आहे, नुसती गोष्ट. कुणीतरी मनाने लिहिलेली. मला बहीण नाही.

बांनी डोळे उघडले. "बेन नथी?"

"नथी."

"कोईनीय नथी?"

"कुणाचीच नाही. ती मुलगीच नाही."

"आणि तुझे बापूजी? ते तर रडत होते." यापुढचं बांचं बरंचसं बोलणं मी मराठीतच लिहिते. तेव्हाही ते माझ्या डोक्यात मराठीतच शिरत होतं.

"त्यांना डोळ्यांचा त्रास आहे, बा."

त्यांनी कपाळावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाल्या, "लसण तो साचुं हतुं ने?"

मी मान खाली घातली. लसूण खरा होता.

मला वाटलं, आता जागा सोडायला सांगणार. मी मनात भांडी बांधायला घेतली. आणि बांनी विचारलं, "मग घरी आली का?"

"बा, ती नाहीच, तर येणार कुठून?"

"नाही ना? मग तो बाप ओट्यावर कुणाची वाट बघतोय?"

बी.ए.ला हा प्रश्न नव्हता.

मी गयावया केली. ती मुलगीच नाही तर बाधा कसली, चहा घ्या. बा उठून बसल्या. "देवीला मी सांगितलंय पोरगी घरी येईल तेव्हा. आता जाऊन काय सांगू, पोरगी नव्हतीच? देवी विचारेल, मग माझ्याकडे मागत होतीस कुणासाठी?" त्यांना दम लागला. "छापलंय काय शेवटी, ते सांग."

मी चप्पल सांगितली. नऊ गुणांची चप्पल. बांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"चप्पल म्हणजे पोरगी नाही," भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या. "चप्पल नुसती वाहूनही जाते." हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "तू आण तिला घरी. इतके महिने माझ्याशी खोटं बोललीस, आता एकदा कामाचं बोल."

मी वर गेले आणि सुख लिहायला बसले. मला वाटत होतं, सुख लिहिणं म्हणजे डाव्या हाताचं काम. भोळ्या वाचकांसाठी कुणीही लिहितं. दुसऱ्या दुपारी मी खाली जाऊन सांगितलं. बाप मुंबईला जातो, स्टेशनावरच्या गर्दीत त्याला ती दिसते, तो तिच्यापुढे हात जोडतो, दोघं गळ्यात पडतात.

बा ऐकून म्हणाल्या, "तो बाप? ओट्यावरून पाणी प्यायला उठत नाही, तो मुंबईला गेला?"

तिसऱ्या दुपारी मी तिला कलेक्टर नवऱ्याबरोबर मोटारीतून आणली. बा हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी कपाळ धरलं. "हसवू नको गं, ठणकतंय. असं सिनेमात होतं."

माझेच शेरे मला परत येत होते, गुजरातीतून. आणि ज्या बाईला परवाच कळलंय की ही मुलगी खोटी आहे, ती बाई त्या मुलीबद्दल एक शब्द खोटा चालू देत नव्हती. मला काहीच समजेनासं झालं. खोटं आहे म्हणावं तर त्या खरं मागतायत, आणि खरं सांगावं तर ती चप्पल.

चौथ्या दुपारी माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. तशीच गेले. बांनी डोळे मिटलेले. त्यांचा चेहरा इतका लहान झाला होता की मला भीती वाटली. मी बसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "ती दुपारी आली. परसदाराने."

बांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "बाप?"

"पुढे, ओट्यावर. बसल्या बसल्या डोळा लागलाय त्याचा. इतके महिने तो पुढच्या वाटेकडे बघतोय, आणि ती मागून आली."

"मग?"

"स्वयंपाकघरात कुणी नाही. भाताचं पातेलं झाकून ठेवलंय. ती खाली बसली आणि जेवली."

"काय जेवली?"

"भात. आमटी."

"गरम?"

"गार. आणि आमटीला मीठ कमी होतं. ती उठली, मिठाचा डबा काढला. डबा जिथे असायचा तिथेच होता."

हा डबा कुठून आला मला माहीत नाही. लेखकाने लिहिला नव्हता, आणि बोलायच्या क्षणापर्यंत माझ्याकडेही नव्हता.

बा कोपरावर रेलून उठल्या. "मग बापाला उठवलं तिने?"

"तिने ताट घासलं. पालथं घातलं."

"उठवलं का?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मला माहीत नाही. काय ही गंमत, सांगत मीच होते. 'हो' म्हणायला कुणाची परवानगी लागणार होती? पण 'हो' येईना, आणि 'नाही'ही येईना. ती दाराशी ओल्या हातांनी उभी दिसत होती आणि त्यापुढे काही दिसत नव्हतं.

"माहीत नाही, बा."

"राहिली की गेली?"

"मला खरंच माहीत नाही."

मी मनात म्हटलं, झालं, हेही गेलं.

"ताट घासलं, नक्की?"

"हो. घासलं. राखेने."

"पाहुण्यांना कुणी ताट घासू देत नाही," बा म्हणाल्या. त्यांनी कपाळावरचं फडकं सोडलं. "घरी आली म्हणायचं. जा, चहा ठेव. आधी हात धू, कोपरापर्यंत."

लसणाच्या हातांमुळे त्यांच्या स्वयंपाकघरात मला तोवर प्रवेश नव्हता. कुठला डबा साखरेचा, कुठला चहाचा, मी चाचपडत शोधलं. पहिला घोट देवीच्या कोनाड्यापुढे ठेवला गेला. तिथे बा काय पुटपुटल्या ते मला ऐकू आलं नाही. फार वेळ पुटपुटत होत्या एवढं खरं. मग बशी. फुंकर न घालता.

"साखर कमी आहे," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा बशी भरली.

त्या संध्याकाळी मी अभिप्रायवही उघडली. चपलेचे नऊ तसेच होते. खाडावेत का? पण ती गोष्ट काही वाईट नव्हती. खाली या दुसऱ्या शेवटाला किती द्यावेत? लेखकाच्या रकान्यात कुणाचं नाव घालावं? बराच वेळ लेखणी हातात धरून बसले, खालून कपबश्यांचा आवाज येत होता. शेवटी काहीच लिहिलं नाही. त्यानंतर त्या वहीत काही लिहिलेलं नाही. दूध मात्र उतू जायचंच, त्याचा आणि वास्तवाच्या भानाचा संबंध नसावा.

चार वर्षांनी सुभानपुऱ्यात आमचं स्वतःचं घर झालं. रावपुऱ्यातून सामान हललं त्या दिवशी बांनी माझी ओटी भरली, साडी दिली. आणि वेगळा, कागदात गुंडाळलेला हा ब्लाऊजपीस.

"आ तारी बेनने," त्या म्हणाल्या.

"बा, मला बहीण..."

"खबर छे," बा म्हणाल्या. माहीत आहे मला. "आवे तो आपजे." आली तर दे. आणि त्या आत गेल्या.

यावर मी पंचेचाळीस वर्षं विचार करते आहे. ही माझी थट्टा होती का? चार वर्षांपूर्वीच्या लसणीचा हिशेब? बांना थट्टा येत होती, चांगली येत होती. पण थट्टेसाठी कुणी बांधणीचं कापड घेत नाही, आणि तो रंग निवडून आणलेला होता. बा पुढे काही वर्षांनी गेल्या. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले होते, विचारायचं ठरवून गेले होते. त्यांनी मला बघून मुलीला चहा टाकायला सांगितला, आणि मी विचारलं नाही.

आणखी एक घोटाळा आहे, तो डॉक्टरांना सांगावा की न सांगावा. चप्पल मला आता नीट आठवत नाही. ती छापलेली होती, हजारो लोकांनी वाचली असेल, पण डोळ्यांसमोर येत नाही. मिठाचा डबा येतो. झाकणाला पोचा आहे, डावीकडे. मी त्या घरात कधी गेले नाही, ते घर नाही, हे मला शंभरातून सात वजा करण्याइतकं स्वच्छ माहीत आहे. पण कुणी विचारलं की हा ब्लाऊजपीस कुणाचा, तर माझा म्हणणं खोटं ठरतं. कुणाचाच नाही म्हणावं, तर बांना काय तोंड दाखवू?

इथवर लिहून आज दुपारी मी कागद नातीला दिले. सुनेला द्यायचा धीर नव्हता. नातीने फोन बाजूला ठेवला, हेच पुष्कळ. खाटेवर पालथी पडून तिने सगळं वाचलं. मी चष्मा पुसत बसले होते. खरं सांगायचं तर तिने थोडं रडावं अशी माझी अपेक्षा होती.

तिने मान वर केली. "आजी, ती तेव्हा एकोणीसची होती ना?"

"हो."

"म्हणजे आता सत्तरीला टेकली." तिने ब्लाऊजपीस उचलून उजेडात धरला. "तिला हा रंग चालेल का पण?"

इतक्या वर्षांत तिचे केससुद्धा सुकले नव्हते माझ्याकडे. बाप केव्हाच गेला असणार. मग ओट्यावर कोण बसतं? परसदाराचं काय झालं? आणि सत्तरीची बाई राणी रंग घालेल का? मी तर घालत नाही. पण मी कुठे कधी भरल्या घरात पाहुण्यांसमोर 'नाही' म्हणाले होते? ती घालेलही.

"मी काय म्हणते," नात म्हणाली, "हा यंदा मी घालते. तिच्यासाठी दुसरा घेऊन ठेवू. जरा सौम्य काहीतरी."

मी हो म्हटलं. घाईत म्हटलं, नंतर वाटलं, विचारायला हवं होतं. कुणाला, ते सुचलं नाही.

उद्या गुरुवार. डॉक्टरांकडून परत येताना आम्ही दोघी रिक्षाने रावपुऱ्याला जाणार आहोत, सत्तरीच्या बाईला शोभेल असा रंग बघायला. सुनेला सांगितलंय, ब्लाऊजपीस घ्यायचाय. कुणासाठी, ते सांगितलेलं नाही.